डीटीपीचं काम ऑनलाइन जपायचं कसं आणि परत आणायचं कसं

आमच्या डीटीपीच्या धंद्यात, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं बसवण्याच्या कामात, गिऱ्हाईक बहुतेकदा एकच वाक्य घेऊन येतं: "मागच्या वेळचीच पत्रिका, फक्त नाव आणि तारीख बदला." थोरल्याच्या लग्नाची पत्रिका धाकट्याला चालते. गेल्या वर्षीचं गणपतीचं पावतीपुस्तक यंदाही तेच असतं. पतसंस्थेच्या अहवालात आकडे तेवढे नवे. जुनी फाइल हाताशी असली तर चहा होईपर्यंत काम उरकतं. नसली तर पहिल्यापासून टायपिंग, पहिल्यापासून प्रूफ, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. डीटीपीवाल्याचं भांडवल म्हणजे या जुन्या फाइली.

मी सांगलीत काम करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कॉम्प्युटर उचलून वरच्या मजल्यावर नेता येतो, पण घाईत टेबलाचा ड्रॉवर कोण बघतं? एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्याच ड्रॉवरमध्ये असेल, तर ती बॅकअप म्हणून कामाची नाही. एक प्रत नदीच्या पाण्यापासून, शॉर्टसर्किटपासून आणि चोरापासून लांब, दुसऱ्या गावात असायला हवी. आपल्यासारख्या लहान दुकानदाराला ते ऑनलाइन स्टोरेजनेच जमतं. मी ते कसं करते ते इथे लिहिते आहे. गुगल ड्राइव्ह धरून सांगते, कारण माझ्या ओळखीच्या बहुतेकांकडे तोच आहे. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स असेल तरी पद्धत तीच, बटणांची नावं बदलतील.

आधी निवड करा

सगळा डी ड्राइव्ह उचलून वर टाकू नका. प्रत्येक फोल्डरपाशी एकच प्रश्न विचारा: हे गेलं तर दुसरीकडून मिळेल का? कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा सेटअप, प्रिंटरचा ड्रायव्हर, इंटरनेटवरून घेतलेली बॉर्डर आणि क्लिपआर्ट पुन्हा मिळतं. तुमचं आधार, लायसन डिजिलॉकरमध्ये आहे. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा मिळतो. त्यांच्यासाठी जीव टाकायचं कारण नाही.

पुन्हा मिळत नाही ते हे: तुम्ही टाइप केलेला मजकूर, बसवलेली पानं, स्कॅन करून साफ केलेले जुने फोटो, मंडळांचे आणि संस्थांचे लोगो जे तुम्ही हाताने ट्रेस केलेत, हिशोब, आणि फॉन्ट. फॉन्टचं वेगळं सांगायलाच हवं.

गिऱ्हाइकांची कागदपत्रं मात्र बॅकअपमध्ये घेऊ नका. झेरॉक्ससाठी व्हॉट्सअॅपवर आलेलं आधार, पॅन, बँक पासबुक हे काम झालं की पुसून टाकायचं. ते आपलं नाही, आपल्याकडून कुठे गळलं तर त्रास त्या माणसाला होतो. मी रोज दुकान बंद करताना डाउनलोडचं फोल्डर रिकामं करते, त्यामुळे ते चुकून वर चढण्याचा प्रश्न येत नाही.

फॉन्टशिवाय फाइल म्हणजे नुसती चिन्हं

मराठी डीटीपी करणाऱ्याचा बॅकअप इंग्रजी काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि हे कुठल्याही कंपनीच्या मदतपानावर लिहिलेलं सापडणार नाही. आपलं निम्मंअधिक जुनं काम श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये आहे. हे युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत, नव्हे. त्या फाइलीत 'क' साठवलेला नसतो, एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं, आणि फॉन्ट त्याला 'क' म्हणून दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की पत्रिकेच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची रांग दिसते. फाइल शाबूत आहे, बॅकअप शाबूत आहे, आणि तरी हातात काही नाही.

म्हणून सगळ्यात पहिलं फोल्डर फॉन्टचं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून तुमचे मराठी फॉन्ट निवडून कॉपी करा. मशीन फॉरमॅट करणारा मुलगा डी ड्राइव्ह सांभाळतो आणि सी पुसतो, त्यात हेच जातात. आणखी एक जागा बघा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत उजव्या बटणाने नुसतं 'इन्स्टॉल' केलेला फॉन्ट सगळ्यांसाठीच्या फोल्डरमध्ये जात नाही. तो तुमच्या युजरच्या अॅपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत जाऊन बसतो. अॅपडेटा लपवलेलं फोल्डर आहे, व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स'वर टिक केली की दिसतं. दोन्हीकडचे फॉन्ट घ्या. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा सिरीयल नंबर आणि बिलाचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नव्या मशीनवर टाकताना कंपनी तेच विचारते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक संपलेलं काम तीन रूपांत ठेवा. एक मूळ फाइल, ज्यात बदल करता येतो. दुसरी पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली. ती कुठल्याही मशीनवर, फोनवरसुद्धा जशीच्या तशी दिसते, आणि वेळ पडली तर निदान पुन्हा छापता येते. तिसरा नुसता मजकूर, युनिकोडमध्ये बदलून. दहा वर्षांनी तो फॉन्टही नसेल आणि ते सॉफ्टवेअरही नसेल, पण युनिकोड मजकूर उघडेल. लग्नपत्रिकेला तिसरं नसलं तरी चालेल. स्मरणिका, वंशावळ, संस्थेचा इतिहास अशा कामांना मी ते कधी सोडत नाही. एकेका पानामागे कुणाच्या तरी आजोबांच्या आठवणी असतात.

छपाईला पाठवताना टेक्स्ट कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करतो, ती फाइल मूळ म्हणून ठेवू नका. ती दिसते छान, पण त्यात एक काना बदलता येत नाही. कर्व्ह केलेलीचं नाव वेगळं ठेवा.

पेजमेकर हे पानं बसवायचं जुनं सॉफ्टवेअर अजून वापरत असाल तर फोटोंकडे लक्ष द्या. पेजमेकर बरेचदा फोटो आत घेत नाही, नुसता पत्ता ठेवतो. पानांची फाइल वर चढली आणि फोटोंचं फोल्डर राहिलं, की परत आणल्यावर फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. 'सेव्ह अॅज' करताना खाली कॉपीच्या पर्यायात 'ऑल लिंक्ड फाइल्स' आहे ते निवडा, म्हणजे सगळे फोटो त्याच फोल्डरमध्ये येतात. कोरलमध्ये हेच काम 'कलेक्ट फॉर आउटपुट' करतं, आणि ते फॉन्टही गोळा करतं. कोरल आपोआप 'बॅकअप ऑफ' असं नाव लावून जी जुळी फाइल बनवतं तिच्यावर विसंबू नका. ती त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर असते.

जागा किती आणि कुणाची

गुगल १५ जीबी फुकट देतं, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघं राहतात. १ जून २०२१ पासून फोटोही मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्याच जागेत धरला जातो. वनड्राइव्ह ५ जीबी, ड्रॉपबॉक्स २ जीबी. फक्त फाइली असतील तर १५ जीबीत बऱ्याच पत्रिका बसतात, मोठे स्कॅन ठेवायचे तर जागा विकत घ्यावी लागते. घ्या. एका फ्लेक्सच्या डिझाइनला मिळतात तेवढ्यात महिना निघतो.

दुकानासाठी खातं वेगळं काढा. घरच्या खात्यावर भाच्याच्या वाढदिवसाचे व्हिडिओ चढले की जागा भरते, आणि जागा भरली की नुसता ड्राइव्ह थांबत नाही, जीमेलवर नवी मेलही येत नाही. प्रेसवाला प्लेटसाठी मेल करतो आणि ती तुम्हाला पोचतच नाही.

विंडोज ११ घेतलं असेल तर एकदा तपासा. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर वनड्राइव्हला जोडलेले असू शकतात. ५ जीबी भरले की पुढचं वर जात नाही, आणि आपण मात्र समजतो की चाललंय.

चालू आणि संपलेलं

माझी सगळी पद्धत या दोन फोल्डरांवर उभी आहे.

'चालू'मध्ये या महिन्यातली कामं. हे फोल्डर मशीनवर 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' टाकून जोडायचं. सेटिंगमध्ये 'माय कॉम्प्युटर', तिथे 'अॅड फोल्डर', आणि 'सिंक विथ गुगल ड्राइव्ह'. आता मी सेव्ह केलं की थोड्या वेळात ते वर जातं. लाइट गेली, मशीन बसलं, तरी सकाळचं काम कुठेतरी आहे. सेटिंगमध्येच 'स्ट्रीम' आणि 'मिरर' असे दोन पर्याय आहेत. ते ड्राइव्हवर आधीपासून असलेल्या फाइलींसाठी आहेत. स्ट्रीममध्ये फाइल फक्त वर असते आणि उघडताना खाली येते. नेट नसेल तर काम अडतं. डीटीपीवाल्याने मिररच ठेवावं.

पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, आणि ही गल्लत फार जण करतात. सिंकमध्ये इथे जे होतं ते तिथेही होतं. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, त्याने सगळ्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले, तर त्या कुलूपबंद फाइलीही इमाने वर चढतात. गुगल ड्राइव्हचं ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं. फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच राहतात. दिवाळीत डिलीट झालेली फाइल गुढीपाडव्याला शोधायला गेलात तर ती कुठेच नाही.

म्हणून 'संपलेलं' वेगळं. महिनाअखेरीला त्या महिन्यातली पूर्ण झालेली कामं मी 'चालू'मधून काढते आणि कामागणिक एक झिप करते. नावात आधी वर्ष, मग महिना, मग गिऱ्हाईक, मग काम, सगळं रोमन अक्षरांत. देवनागरी नावं काही जुन्या झिप सॉफ्टवेअरमध्ये उघडताना बिघडतात. वर्षाची सगळी कामं एका झिपमध्ये कोंबू नका. एक पावतीपुस्तक हवं असताना सगळं उतरवावं लागेल. झिप झाली की ब्राउझरमधून ड्राइव्हवर 'संपलेलं'मध्ये हाताने अपलोड. हे फोल्डर 'माय कॉम्प्युटर'मध्ये जोडलेलं नाही, आणि एक मेख आहे: मिरर ठेवलं असेल तर 'माय ड्राइव्ह'मधलं सगळंच मशीनवर उतरतं आणि सिंक होतं. तेव्हा 'संपलेलं' दुकानाच्या दुसऱ्या खात्यावर ठेवा, जे त्या मशीनवरच्या ड्राइव्ह अॅपमध्ये घातलेलंच नाही. मशीनवर काहीही झालं तरी तिथे हात पोचत नाही. मात्र त्या खात्यात महिन्याला एकदा जायलाच हवं. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती बंद करून पुसू शकतं.

हिशोबाला हाच नियम. टॅलीचं चालू डेटा फोल्डर सिंकला जोडू नका. टॅली त्यात लिहीत असताना अर्धवट फाइल वर जाऊ शकते. टॅलीच्या डेटा मेनूतून बॅकअप घ्या आणि ती फाइल अपलोड करा. त्यात लोकांची उधारी आणि नावं असतात, त्यामुळे ती सेव्हन-झिपने पासवर्ड लावून बंद करून मगच चढवते.

पहिल्यांदा सगळं जुनं चढवताना वेळ लागतो, त्याला घाबरू नका. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर ४० जीबीला सुमारे १८ तास लागतात. नेट कंपनी जाहिरातीत सांगते तो बहुतेकदा डाउनलोडचा वेग असतो, अपलोडचा विचारून घ्या. रात्री लावून ठेवा, आणि त्याआधी मशीनचं स्लीप बंद करा.

किल्ल्या

टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावाच, कारण आता अख्खा धंदा एका पासवर्डमागे आहे. पण पुरात मोबाइल भिजला, किंवा सिम गेलं, तर ओटीपी येणार कुठे? गुगल खात्याच्या सिक्युरिटीत बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घ्या आणि दुकानात नव्हे, दुसऱ्या घरी ठेवा. माझे कोड माहेरी आहेत, मिरजेला, आईच्या कपाटात. झिपचा पासवर्ड त्याच कागदावर आहे. तो विसरला तर तो गुगललाही माहीत नसतो, आणि कुणी उघडूनही देऊ शकत नाही.

'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून एक सेटिंग आहे. तुम्ही ठरवाल तेवढे महिने खात्यात हालचाल नसली तर तुम्ही नेमलेल्या माणसाला ड्राइव्हमधला डेटा मिळतो. एकटीने किंवा एकट्याने दुकान चालवणाऱ्यांनी ते भरून ठेवावं. आपल्या पश्चातही मंडळाला आपलं पावतीपुस्तक लागणार असतं.

परत आणून बघा

वर चढवलं म्हणजे झालं, असं मी मानत नाही. दुसऱ्या मशीनवर उघडून, वाचून, छापून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये. यासाठी मी जून धरते. लग्नसराई उरकलेली असते, आणि कोयनेतून विसर्ग सुरू व्हायला अवकाश असतो.

मशीन आपलं घ्यायचं नाही, कारण त्यावर फॉन्ट आधीच आहेत आणि सगळं सुरळीतच दिसणार. मी भावाचा लॅपटॉप घेते. त्यावर कोरल आहे, माझा एकही फॉन्ट नाही. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडायचा आणि एखादं अवघड काम निवडायचं. मी सहसा एका शाळेची स्मरणिका घेते, तिच्यात तीन वेगळे फॉन्ट आणि पानोपानी फोटो आहेत. झिप डाउनलोड करायची, सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' दाबायचं. चूक नाही असं म्हणाला तर फाइल वाटेत तुटलेली नाही.

मग फॉन्ट न टाकताच फाइल उघडायची. कोरल विचारतं, हे फॉन्ट नाहीत, त्याऐवजी कुठले वापरू? त्या चौकटीत हरवलेल्या फॉन्टची यादी येते. ती लिहून घ्या आणि फाइल सेव्ह न करता बंद करा. ओके म्हणून पुढे गेलात आणि सेव्ह केलंत, तर फॉन्टची नावं फाइलीतून पुसली जाण्याचा धोका आहे. आता ड्राइव्हवरचं फॉन्टचं फोल्डर उतरवून यादीतले फॉन्ट टाका, कोरल बंद करून पुन्हा सुरू करा, आणि फाइल उघडा. यादीतला एखादा फॉन्ट फोल्डरमध्ये सापडला नाही, तर तो आजच जुन्या मशीनवरून घ्या. ही तालीम यासाठीच आहे.

उघडली म्हणून लगेच समाधान मानू नका. पीडीएफ शेजारी उघडा आणि दोन्ही पानं डोळ्यांनी ताडून बघा. आधी रफार बघा, 'वर्ष', 'कार्यक्रम', 'धर्म'. मग 'पुऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र. मग 'श्री', 'ज्ञ', 'द्ध', 'ट्ट'. त्याच फॉन्टची दुसरी आवृत्ती टाकली गेली असेल तर नव्वद टक्के मजकूर बरोबर दिसतो आणि नेमकं इथे फसतं. ओळ जिथे तुटत होती तिथेच तुटते का तेही बघा. नाहीतर शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते आणि देणगीदारांच्या यादीतलं शेवटचं नाव गळतं.

कोरलची आवृत्तीही याच वेळी लक्षात येते. नव्या कोरलमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. मी संपलेलं काम झिप करताना सेव्हच्या चौकटीत जुनी आवृत्ती निवडून एक प्रत ठेवते, कारण अडचणीच्या दिवशी समोर कुठलं मशीन असेल हे आपल्या हातात नसतं.

हार्ड डिस्कही असू द्या. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ऑनलाइन ठेवलेलंही शेवटी कुणाच्या तरी इमारतीतच असतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली, आणि ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती त्यांचा डेटा परत आला नाही. माझी डिस्क महिन्यातून एकदा जोडली जाते, झिप फाइली तिच्यावर जातात आणि ती घरी जाते. मशीनला कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही दिसते.

खरंच वेळ आली तर

नव्या मशीनवर क्रम असा ठेवा. आधी अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट. मग बॅकअप कोड वापरून दुकानाच्या खात्यात शिरा, पण ड्राइव्ह अॅप लगेच टाकू नका. व्हायरसमुळे मशीन गेलं असेल तर आधी ब्राउझरमधून 'चालू' बघा. फाइलींची नावं किंवा पुढची अक्षरं बदललेली दिसली तर 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन आदल्या दिवशीची आवृत्ती उतरवा. डिलीट झालेलं असेल तर ट्रॅशमधून रिस्टोअर करा, ३० दिवस उलटायच्या आत. फॉन्ट टाका. मग कोरल, पेजमेकर. मग 'चालू'मधली कामं, आणि त्यांतही ज्याची तारीख जवळ आहे ते आधी. बारावा-तेराव्याची पत्रिका सगळ्यांच्या पुढे, तिला उद्यापर्यंत थांबता येत नाही. मग टॅली.

मोठं फोल्डर ब्राउझरमधून उतरवलं की ड्राइव्ह त्याच्या अनेक झिप करतो, आणि एखादी फाइल झिपच्या बाहेर सुटी येते. सगळ्या झिप एकाच ठिकाणी उघडा, सुट्या फाइली त्यात मिळवा, आणि मगच काम सुरू करा. 'संपलेलं' मात्र सगळं एकदम उतरवायची घाई नको. नेट सावकाश असतं, डोकं ठिकाणावर नसतं. गिऱ्हाईक येऊन "मागच्या वेळचीच" म्हणेल, तेव्हा तेवढीच झिप उतरवा.